घाट चढवा, मग भाव ठरवा
धाराशिव जिल्ह्यात जुनी बिनगिअरची स्कूटर घेणार असाल, तर सपाट रस्त्यावर चक्कर मारून व्यवहार करू नका. मागे माणूस बसवून सोलापूरकडून तुळजापूरचा घाट चढवून पाहा. १९८४ मध्ये आलेल्या कायनेटिक होंडाने आपल्याकडे रुळवलेली व्हेरिएटर, पट्टा आणि क्लच ही रचना आजही बहुतेक पेट्रोल स्कूटरांत आहे. इंजिनाचे फेरे वाढले की व्हेरिएटरमधले रोलर बाहेर सरकतात, पुलीच्या चकत्या जवळ येतात, पट्टा वर चढतो आणि वेग वाढतो. घाटात इंजिन ओरडतंय पण गाडी ओढत नाही, तर पट्टा झिजलाय किंवा क्लचच्या शूजची पकड गेलीय. सुटताना गाडी थरथरते, तर शूज आणि त्यांचा ड्रम उघडून पाहा. रोलर चपटे झाले की वेग अडखळत वाढतो. पट्ट्यावर तेल दिसलं, तर नुसता पट्टा बदलून भागत नाही. गळकं ऑइल सील आधी बदलावं लागतं. मेकॅनिककडून पट्ट्याची रुंदी मोजून घ्या, कंपनीने दिलेल्या मर्यादेशी ताडून पाहा आणि दुरुस्तीचा खर्च वजा केल्याशिवाय विसार देऊ नका.