हृदयातील भोवरे आणि वत्सनाभ

हृदयस्नायूतील विद्युत्-तरंगांचे गणित १९४६ साली नॉर्बर्ट वीनर व आर्तुरो रोझेनब्लूथ यांनी मांडले. १९६४ मध्ये गॉर्डन मो व सहकाऱ्यांनी संगणकावर ९९२ घटकांचे प्रतिरूप रचून एट्रियल फिब्रिलेशनमधील भरकटणारे तरंग दाखविले. नियम साधा होता: घटक शेजाऱ्याकडून उत्तेजित होतो, तरंग पुढे देतो आणि क्षणभर विश्रांती घेतो. विश्रांतीत तो नवा तरंग स्वीकारत नाही. हा विश्रांतिकाल जागोजागी असमान असला, की तरंग तुटतो, भोवऱ्यासारखा फिरतो व लय बिघडते.

हे तरंग म्हणजेच वात, असे समीकरण मांडण्याचा मोह होईल. आम्हांस ते मान्य नाही. आपल्यासाठी यातील बोध औषधनिर्माणाचा आहे. वत्सनाभातील अ‍ॅकोनिटीन पेशींच्या सोडियम-मार्गिका मिटू देत नाही. त्यामुळे पेशी अवेळी उत्तेजित होतात. आनंदभैरव, त्रिभुवनकीर्ती या कल्पांत वत्सनाभ आहे. योग्य शोधनाने अ‍ॅकोनिटीनचे अल्पविषारी घटकांत विघटन होते. मात्र शोधन अपुरे राहिले, तर ते गोळी पाहून कळत नाही.

अनुसूची ई (१) प्रमाणे लेबलवर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापली, की कर्तव्य संपले, असे आम्ही मानत नाही. औषधनिर्मात्यांनी प्रत्येक बॅचमधील अ‍ॅकोनिटीन मोजून घ्यावे. वैद्यांनी हृद्रोग्यास असे कल्प देण्यापूर्वी नाडीबरोबर ई.सी.जी.ही पाहावा. शास्त्राने शोधन सांगितले आहे. ते झाले की नाही, हे तपासण्याची जबाबदारी आपली आहे.