होकारापूर्वीची चौकशी

विवाह ठरला म्हणजे घरोघर तयारीला जोर येतो. सभागृहाची तारीख धरली जाते, पंगतीचा अंदाज बांधला जातो, दागदागिने आणि कपडेलत्ते यांच्या याद्या होतात, निमंत्रणपत्रिकेवर कोणाचे नाव कोणाच्या आधी यावे यावर खल होतो. ज्या दोघांना पुढची चाळीस-पन्नास वर्षे एका छपराखाली काढावयाची असतात, त्यांनी परस्परांना कोणते प्रश्न विचारून घ्यावेत याची यादी मात्र कोठेच होत नाही. लग्न झाले की सारे आपोआप जुळून येते, ही समजूत सर्व धर्मांत आणि सर्व जातींत सारखीच रुजलेली आहे. ख्रिस्ती समाजाने, विशेषतः कॅथलिक ख्रिस्तसभेने, या समजुतीला निदान नियमापुरता तरी छेद दिला आहे.

मुंबई, वसई, पुणे, गोवा येथील कॅथलिक तरुण-तरुणींना चर्चमध्ये विवाह करावयाचा असेल तर आधी विवाहपूर्व मार्गदर्शन वर्गाला बसावे लागते आणि वर्ग पुरा केल्याचे प्रमाणपत्र आपल्या धर्मग्रामाच्या फादरांपुढे ठेवावे लागते. हा वर्ग बहुधा दोन-तीन दिवसांचा असतो आणि नोकरदारांच्या सोयीसाठी शनिवार-रविवारी भरतो. मुंबईत माहीमचे 'स्नेहालय' हे केंद्र या कामासाठी परिचित आहे. वर्गात धर्मगुरू विवाहसंस्काराचा अर्थ सांगतात, डॉक्टर शरीराविषयी बोलतात, संसारात मुरलेली जोडपी पैसा, सासर-माहेर, अबोला आणि भांडण यांविषयी बोलतात. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत असा बांधीव अभ्यासक्रम सर्वत्र नाही. तेथे पाळक स्वतः जोडप्याला बोलावून घेऊन उपदेश करतात. पद्धती भिन्न असल्या तरी विवाहाच्या दाराशी उभ्या असलेल्या दोघांना क्षणभर थांबवावे, हा हेतू दोन्हीकडे एकच आहे.

हा हेतू आजचा नव्हे. १२१५ साली भरलेल्या चौथ्या लॅटरन परिषदेने असा नियम केला की, नियोजित विवाहाची घोषणा चर्चमध्ये जाहीरपणे करावी, म्हणजे कोणास काही अडचण ठाऊक असल्यास ती वेळीच पुढे येईल. गुप्त विवाहांना आळा घालण्यासाठी ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये हा नियम अधिक पक्का केला आणि धर्मगुरू व साक्षीदार यांची उपस्थिती अनिवार्य ठरविली. गावातील प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखत होता तोवर ही व्यवस्था उपयोगी पडली. वराची पहिली बायको दुसऱ्या गावी जिवंत आहे, किंवा मुलीला धाक घालून उभे केले आहे, हे शेजाऱ्यांना ठाऊक असे आणि ते बोलूनही दाखवीत. महानगरात हा आधार नाहीसा झाला. अंधेरीच्या चर्चमध्ये रविवारी वाचली गेलेली दोन नावे पुढच्या बाकावरील माणसालाही अनोळखी असतात. जी चौकशी पूर्वी गावाकडे करावयाची, ती आता त्या दोघांकडेच करावी लागते. विवाहपूर्व वर्गाचा जन्म सामाजिक दृष्ट्या या गरजेतून झाला आहे. अमेरिकेत १९४०च्या दशकात काना येथील लग्नाच्या बायबलमधील प्रसंगावरून नाव घेऊन जोडप्यांची शिबिरे सुरू झाली आणि त्यांतूनच विवाहेच्छूंसाठी वेगळे वर्ग निघाले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या आपल्या पत्रकात विवाहाच्या तयारीचे दूरची, जवळची आणि लगतची असे तीन टप्पे सांगितले, आणि १९८३ मध्ये लागू झालेल्या नव्या धर्मसंहितेने ही तयारी करून घेणे हे धर्मगुरूंचे कर्तव्य ठरविले.

परंतु ही चौकशी नेमकी कशाची, याविषयी पुष्कळांच्या मनात गोंधळ असतो. संसार सुखाचा कसा करावा याचे चार धडे मिळतात, अशी या वर्गाची सर्वसाधारण ख्याती आहे. धर्मसंहितेची दृष्टी याहून अधिक कठोर आहे. विवाह घडतो तो वधूवरांच्या संमतीने. ती संमती जगातील दुसरी कोणतीही सत्ता त्यांच्या वतीने देऊ शकत नाही, हे तिचे मूलभूत सूत्र. बळजबरीने किंवा जबर भीतीपोटी दिलेली संमती तेथे संमतीच नव्हे. विवाहाने येणारी कर्तव्ये काय आहेत याचा विचार करण्याची शक्ती ज्याच्या ठायी त्या वेळी नव्हती, त्याचा होकारही पोकळ ठरतो. आई-बापांचा, धर्मगुरूंचा किंवा समाजाचा होकार वधूवरांच्या होकाराची जागा घेऊ शकत नाही. मग तो होकार खरा आहे की आग्रहाने, घाईने, वयाच्या धास्तीने वा कर्जाच्या ओझ्याने वदवून घेतलेला आहे, हे पाहणे हेच विवाहपूर्व वर्गाचे पहिले काम ठरते. सुखी संसाराचे धडे त्यानंतरचे.

या कामाचे मोल किती मोठे आहे, हे कळण्यासाठी बाहेर पडण्याची वाट किती अरुंद होती ते आठवले पाहिजे. भारतातील ख्रिस्ती विवाह १८७२ च्या कायद्याने लागत आले आणि मोडले तर १८६९ च्या घटस्फोट कायद्याकडे जावे लागे. या जुन्या कायद्यात पुरुषाला पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होई. स्त्रीला मात्र पतीचा नुसता व्यभिचार पुरत नसे. त्याला क्रौर्याची किंवा परित्यागाची जोड द्यावी लागे. नुसत्या मारहाणीवर तिची सुटका नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ मध्ये प्रगती वर्गीस प्रकरणात या विषमतेवर बोट ठेवले आणि २००१ मध्ये संसदेने कायदा सुधारला. हिंदू दांपत्यांना परस्परसंमतीने विभक्त होण्याची सोय १९७६ मध्ये मिळाली होती. ख्रिस्ती दांपत्यांना ती तेव्हा, म्हणजे पंचवीस वर्षांनी, मिळाली. आजही कॅथलिक व्यक्तीची वाट दुहेरीच आहे. न्यायालयाने घटस्फोट दिला तरी चर्चच्या लेखी पहिला विवाह कायम राहतो. चर्चच्या न्यायमंडळाने विवाह मुळातच अवैध होता असे ठरविले, तरी देशाच्या कायद्याला ते बंधनकारक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये क्लॅरेन्स पैस प्रकरणात पुन्हा स्पष्ट केले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये चर्चची प्रक्रिया सुटसुटीत केली हे खरे. पण दोन दारे ठोठावण्याचा शीण त्याने संपत नाही. बाहेरची वाट जेथे इतकी अडचणीची, तेथे आत शिरण्याच्या दाराशी डोळ्यांत तेल घालून उभे राहणे हा शहाणपणाच होय.

दुर्दैवाने दाराशी उभा असलेला पहारेकरी बहुधा फार उशिरा येतो. सभागृहाची अनामत भरून झालेली, पत्रिका छापून झालेल्या, दोन्हीकडचे नातलग दूरदूरहून निघालेले, आणि मग प्रमाणपत्राची आठवण होऊन जोडपे वर्गात येऊन बसते. गोव्याचा किंवा मुंबईचा जहाजावर नोकरी करणारा तरुण महिना-दीड महिन्याच्या रजेत येतो आणि त्या रजेतच वर्ग, कागदपत्रे, विवाह आणि परतीचा प्रवास एवढे सारे उरकावयाचे असते. अशा वेळी वर्गात बसलेल्या एखाद्या मुलीला आपल्या होणाऱ्या नवऱ्याच्या व्यसनाची किंवा संतापाची खूण पटली, तरी ती काय करणार? तिच्या मनातील शंकेच्या विरुद्ध पाहुणे, पैसा आणि प्रतिष्ठा उभी असते. प्रमाणपत्र हाती पडते, शंका मनात राहते आणि ती पुढे चर्चच्या न्यायमंडळासमोर किंवा कौटुंबिक न्यायालयात साक्ष म्हणून उभी राहते. जे तेथे वर्षानुवर्षांच्या यातनेनंतर सांगावे लागते, ते विवाहाआधी एका दुपारी सांगता आले असते.

या वर्गांवर नेहमी एक आक्षेप घेतला जातो. ज्यांनी ब्रह्मचर्याचे व्रत घेतले त्यांनी संसाराचे धडे काय द्यावेत? आक्षेप चटकदार आहे, पण वर्गात बोलणारी बरीच मंडळी विवाहित असतात, त्यामुळे तो फार दूर जात नाही. अधिक गंभीर आक्षेप दुसरे आहेत. पहिला असा की, विवाहाच्या अतूटपणावर दिलेला भर मार खाणाऱ्या स्त्रीला सहन करण्याचा उपदेश वाटू शकतो. वास्तविक धर्मसंहितेनेच, जोडीदारामुळे जिवाला किंवा मनाला गंभीर धोका असेल तर वेगळे राहण्याची मुभा दिली आहे. देशात २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे. या दोन्ही गोष्टी वर्गात स्वच्छ शब्दांत सांगितल्या गेल्याच पाहिजेत; क्षमेच्या प्रवचनाखाली त्या झाकल्या जाता कामा नयेत. दुसरा आक्षेप संततिनियमनाचा. १९६८ च्या पोपपत्राने कृत्रिम साधने निषिद्ध मानली, म्हणून वर्गात नैसर्गिक पद्धतीच शिकविल्या जातात. आपली शिकवण सांगण्याचा चर्चला अधिकार आहे. परंतु त्याबरोबर शरीरशास्त्राची पूर्ण माहिती मिळण्याचा अधिकार त्या जोडप्यालाही आहे. माहिती अपुरी असेल तर त्या विषयातील निर्णय संपूर्ण स्वतःचा राहत नाही.

आंतरधर्मीय विवाहात तर या वर्गाची उपयुक्तता अधिकच जाणवते. अशा विवाहाला चर्चची परवानगी मागताना कॅथलिक पक्षाने, मुलांना आपल्या धर्मात वाढविण्यासाठी शक्य ते सर्व करीन, असे वचन द्यावयाचे असते आणि ते दुसऱ्या पक्षाला कळविले जाते. पुष्कळदा हे वचन केवळ एका कागदावरची सही बनते. मुलाचा बाप्तिस्मा की बारसे, हा प्रश्न पाळणा हलू लागल्यावर प्रथमच उपस्थित व्हावा, यासारखी दुसरी शोकांतिका नाही. प्रेमाच्या भरात टाळलेला हा प्रश्न त्रयस्थाने समोर ठेवावा, त्यावर दोघांनी भांडावे आणि मग ठरवावे, यातच दोघांचेही हित आहे. गोव्यात आणखी एक विषय जोडला पाहिजे. तेथील नागरी संहितेनुसार विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नींची मालमत्ता सामाईक होते. करार करावयाचा की नाही, हे विवाहाआधीच ठरवावे लागते. नंतर जागे होऊन उपयोग नसतो.

या साऱ्या उणिवांची जाण खुद्द ख्रिस्तसभेच्या वरिष्ठांना आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या आपल्या पत्रकात, कपडे आणि मेजवानी यांच्या धावपळीत वधूवर विवाहाला थकून पोचतात, अशी खंत व्यक्त केली. नीट झालेल्या तयारीमुळे काही जोडप्यांना आपले नाते पुढे न नेणेच शहाणपणाचे आहे असेही उमगावे, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. २०२२ मध्ये व्हॅटिकनने विवाहाची तयारी दीर्घकाळ चालावी आणि विवाहानंतरच्या पहिल्या वर्षांतही सोबत मिळावी असा आराखडा प्रसिद्ध केला. धर्मगुरू होणाऱ्याला कित्येक वर्षांचे शिक्षण आणि विवाह करणाऱ्याला काही आठवडे, ही विसंगती पोपनीच त्याच्या प्रस्तावनेत दाखवून दिली. विचार स्पष्ट आहे; आता धर्मग्रामांनी तो अमलात आणावा. वर्ग साखरपुड्यापूर्वी किंवा निदान सभागृहाची अनामत भरण्यापूर्वी व्हावा. प्रत्येकाशी एकदा तरी एकट्याने बोलणे व्हावे, कारण जे जोडीदारासमोर बोलता येत नाही तेच बहुधा महत्त्वाचे असते. आणि या वर्गानंतर एखादे लग्न मोडले तर त्याचा बोभाटा न करता, वर्गाने आपले काम केले असे समजावे.

इतर समाजांनी हे सारे परक्याच्या घरचे म्हणून सोडून देऊ नये. १९८४ च्या कायद्याने देशात कौटुंबिक न्यायालये आली आणि त्यांच्याबरोबर विवाह समुपदेशकही आले. परंतु त्यांची गाठ पडते ती संसाराला तडा गेल्यानंतर. विवाहापूर्वीच्या समुपदेशनाचा विचार शासनाला अलीकडे सुचू लागला आहे. गोवा सरकारने २०२१ मध्ये ते सक्तीचे करण्याचा मनोदय जाहीर केला आणि राष्ट्रीय महिला आयोगाने २०२५ मध्ये 'तेरे मेरे सपने' या नावाने विवाहपूर्व संवाद केंद्रे सुरू केली. सक्तीविषयी सावध राहणेच बरे. सक्तीने प्रमाणपत्रे वाढतात, विचार वाढेलच असे नाही, हा धडा ख्रिस्ती समाजाच्या अनुभवातूनच घेता येतो. पत्रिका जुळवताना गुण मोजणाऱ्या, पगार आणि फ्लॅट यांची कसून चौकशी करणाऱ्या घरांनी मुलाला आणि मुलीला वेगवेगळे बसवून, मनापासून होकार आहे का, असे एकदा विचारावे. आणि उत्तर नकाराचे आले तर ते ऐकून घ्यावे. ज्या घरात नकार ऐकून घेतला जातो, त्याच घरातील होकाराला किंमत असते.