चारशे त्रेचाळीस आणि न काढलेल्या दहा धावा

आमच्या विद्यार्थ्यांना सनावळ्या पाठ होत नाहीत, अशी इतिहास शिकविणाऱ्यांची जुनी तक्रार आहे. परंतु हीच मुले मधल्या सुटीत कोणत्या फलंदाजाने कोणत्या साली किती धावा काढल्या, हे न अडखळता सांगतात! याबद्दल आम्ही त्यांच्यावर रागावत नाही. मात्र उच्चांकांची यादी पाठ असणे निराळे आणि ती वाचता येणे निराळे, असे आमचे मत आहे. महाराष्ट्राच्या रणजी संघाचीच यादी पाहू.

तिच्या शिरोभागी भाऊसाहेब निंबाळकरांचे नाव आहे. निपाणी ओलांडून पुढे गेले की लागणाऱ्या कोल्हापूरचे हे सुपुत्र. १९४८ च्या डिसेंबरात पुण्यास काठेवाडविरुद्ध त्यांनी नाबाद ४४३ धावा काढल्या. काठेवाडचा डाव २३८ धावांत आटोपला होता. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ झाल्या. भांडारकरांनी २०५ धावा करून दुसऱ्या गड्यासाठी निंबाळकरांबरोबर ४५५ धावांची भागीदारी केली. ब्रॅडमनचा १९३० मधील नाबाद ४५२ धावांचा जागतिक उच्चांक मोडण्यास अवघ्या दहा धावा हव्या होत्या. तिसऱ्या दिवशी विश्रांतीच्या वेळी काठेवाडच्या कर्णधाराने, राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी, सामना सोडून दिला आणि संघ परतला. आपल्याविरुद्ध असा विक्रम नोंदला जाणे त्यांना अपमानास्पद वाटले, असे सांगतात.

व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर बाद झालेला मुलगा स्वतःची बॅट उचलून घरी चालू लागतो, तेव्हा त्याला सारे हसतात. येथे तर बाद कोणीच होत नव्हते, हीच अडचण होती! ठाकूरसाहेबांचे वर्तन आम्हांस मान्य नाही. पराभव झाकण्यासाठी मैदान सोडले, आणि तो पराभवच आज सर्वांच्या स्मरणात राहिला आहे. तथापि न्यायाने बोलायचे तर दुसरी बाजूही आहे. पहिल्या डावात जवळजवळ सहाशेंची आघाडी मिळाल्यावरही फलंदाजी चालूच ठेवणे, हे विजयासाठी नव्हते, आकड्यासाठी होते. दमलेल्या अकरा जणांनी आणखी किती वेळ चेंडूमागे धावावे, हा प्रश्न अगदीच गैरवाजवी नाही.

पुढे १९५९ साली हनीफ महंमदने ४९९ आणि १९९४ साली लाराने नाबाद ५०१ धावा काढल्या. त्यामुळे त्या दहा धावा मिळत्या तरी जागतिक उच्चांक काही निंबाळकरांकडे राहता ना. भारतात मात्र त्यांच्या ४४३ पर्यंत अद्याप कोणी पोहोचलेले नाही. आणि प्रथम श्रेणीच्या सामन्यांत जवळजवळ ४८ ची सरासरी राखणाऱ्या या फलंदाजास कसोटी सामना एकही मिळाला नाही! ही गोष्ट यादीत लिहिलेली नसते; ती ज्याने त्याने शोधावी लागते.

प्रतिपक्ष कोण होता, हेही यादीतील मोठ्या आकड्याखाली झाकले जाते. २०१६ साली स्वप्निल गुगळे आणि अंकित बावणे यांनी दिल्लीविरुद्ध ५९४ धावांची अभंग भागीदारी केली. २०२४ साली गोव्याच्या स्नेहल कवठणकर आणि कश्यप बखले यांनी ६०६ धावा करून तिला मागे टाकले. आमची घरची बोली कोकणी. ती बातमी वाचून आमचा ऊर भरून आला, हे लपवीत नाही. परंतु समोर अरुणाचल प्रदेशाचा, ८४ धावांत बाद झालेला नवखा संघ होता, हेही लपविता येत नाही. आम्हांस विचाराल तर दिल्लीविरुद्धच्या ५९४ अधिक वजनदार आहेत.

सर्वांत वजनदार मात्र आम्ही आणखी लहान आकडा मानतो: २४६. प्राध्यापक दि. ब. देवधरांनी १९४०-४१ च्या हंगामात बलाढ्य मुंबईविरुद्ध तो काढला, तेव्हा त्यांचे वय ४८ वर्षांचे होते. संस्कृत शिकवून मैदानावर येणाऱ्या या कर्णधाराने १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक महाराष्ट्रास मिळवून दिला. त्यानंतर तो करंडक महाराष्ट्राकडे आला नाही. २०१३-१४ च्या अंतिम सामन्यात तर कर्नाटकानेच तो हुकविला. त्या दिवशी टाळ्या कोणासाठी वाजवाव्यात, असा पेच टिळकवाडीतील पुष्कळ घरांत पडला असेल.

आमच्या विद्यार्थिनी या यादीत आपले काय, असे विचारतील. सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनाने २०१३ साली, सतरा वर्षांची असताना, एकोणीस वर्षांखालील महाराष्ट्र संघाकडून गुजरातविरुद्ध एका दिवसाच्या सामन्यात नाबाद २२४ धावा काढल्या. सांगलीचेच विजय हजारे १९३९-४० मध्ये बडोद्याविरुद्ध ३१६ वर नाबाद राहिले होते. मुलांच्या तोंडी हजाऱ्यांचा आकडा आम्ही अनेकदा ऐकला आहे. स्मृतीचा २२४ अजून एकदाही ऐकलेला नाही.