पदक कुणाचं?

लेकीकडे इंग्लंडला गेले होते, तेव्हा एका रविवारी तिने कुत्र्यांची 'अ‍ॅजिलिटी'ची स्पर्धा बघायला नेलं. लंडनच्या क्रफ्ट्स श्वानप्रदर्शनात १९७८ साली मधल्या वेळातली करमणूक म्हणून हा खेळ दाखवला गेला, घोड्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतीवरून सुचलेला. उड्या, बोगदा, सी-सॉ, ओळीने रोवलेल्या काठ्यांतून नागमोडी पळणं... सगळं घड्याळ लावून!

गंमत म्हणजे रस्ता कुत्र्याला ठाऊकच नसतो. मालक आधी एकटा फिरून तो पाठ करतो आणि मग बरोबर पळत हाताने, खांद्याने, पावलांनी दाखवतो. सी-सॉवरून उतरताना पिवळ्या पट्ट्यावर पाय न ठेवता उडी मारली, की पाच गुण दंड.

एका मुलीचा कुत्रा भलत्याच बोगद्यात शिरला. ती हसली, त्याला थोपटत म्हणाली, "माझाच खांदा वळला." पुढच्या गृहस्थांच्या कुत्र्यानेही तेच केलं. ते त्याच्यावर खेकसले आणि पट्टा लावून ओढतच घेऊन गेले.

जिंकायचं दोघांनाही होतं. त्यात वाईट काहीच नाही. पण कुत्र्याला पदक कळत नाही हो! त्याला कळतो खेळ, खाऊ आणि आपल्या माणसाचा चेहरा.

डॉल्फिन शिकवणाऱ्या कॅरन प्रायर यांनी १९८४ साली प्राण्यांना न मारता शिकवण्यावर पुस्तक लिहिलं. डॉल्फिनला ना पट्टा ना छडी. रागावलात तर तो सरळ लांब पोहत जाणार. म्हणून बरोबर केलं की त्याच क्षणी शिट्टी, मग मासा. कुत्र्यांसाठी शिट्टीच्या जागी 'क्लिकर' आला. कुणी म्हणेल, ही तर लाच! पण स्पर्धेच्या रिंगणात खाऊ नेता येत नाही. तिथे गोडी लागलेलं कुत्रंच मनापासून पळतं.

हे सगळं बघताना मला माझे स्कॉलरशिपचे वर्ग आठवले. यादीत नाव आलं की 'माझा विद्यार्थी', नाही आलं की 'त्याचं लक्षच नसतं'. "माझाच खांदा वळला" असं इतक्या वर्षांत एकदाही म्हटलं नाही मी.

मुलं निदान मोठेपणी बोलून दाखवतात. दोघांनी दाखवलंही, आणि ते बरोबरच होतं. कुत्र्याला तेवढीही सोय नाही. म्हणून माझं मत विचाराल तर स्पर्धा जरूर करावी, पण हौस आपली आहे हे विसरू नये आणि चुकीची झडती आधी स्वतःची घ्यावी.

असो. तुम्हाला काय वाटतं?