खंडेनवमी आणि प्रवासाची दुआ

आज खंडेनवमी. परळी-अंबाजोगाईकडे शस्त्रांसोबत आता मोटारी व ट्रॅक्टरही पूजेस लागतात. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. पूजा यथासांग व्हावीच. परंतु गाडी हाकणाऱ्याचे काय?

आपल्याकडील मुसलमान चालकांच्या गाडीत पुष्कळदा प्रवासाची दुआ लावलेली दिसते. ती कुराणाच्या ४३व्या अध्यायातील. तेथे उल्लेख नौकांचा व पशूंचा. आज ती मोटारीत बसतानाही म्हणतात. भावार्थ असा की, हे वाहन ज्याने आम्हांस वश करून दिले तो पवित्र आहे, आमच्या बळाने ते वश झाले नसते, आणि शेवटी आम्हांस त्याच्याकडेच परतावयाचे आहे. चाक हाती घेतानाच मरणाचे स्मरण! ज्याला ते खरोखर होते, तो वळणावर दुसऱ्याच्या पुढे घुसणार नाही. दुआ नुसती चिकटवून ठेवली, तर मात्र ती आपल्या लिंबू-मिरचीइतकीच.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात वाट कोणास द्यावी हे सांगताना वाहनस्थ पहिला, मग वृद्ध, रोगी, भारवाही, स्त्री इत्यादी. तेव्हाची जनावरे चटकन थांबत नसावीत. आता ब्रेक पायाखाली आहे. वाहनस्थाने स्वतःस शेवटी धरावे, असे आमचे मत.

दसऱ्यानंतर जिल्ह्यातील ऊसतोड कामगार लेकराबाळांसह ट्रक-ट्रॅक्टरांतून कारखान्यांकडे निघतील, कित्येकदा रात्री. ट्रॅक्टरमालकांनी आज पूजेआधीच ट्रॉलीच्या मागे रेडियमच्या तांबड्या पट्ट्या लावून घ्याव्यात. हार त्यांवर येऊ देऊ नये.