रोखीच्या रोग्याला वाली कोण?

तुरीचा हमीभाव सरकार जाहीर करते. अकोल्याच्या बाजार समितीत सोयाबीनचा हर्रास चारचौघांसमोर होतो. मग त्याच अकोल्यात अपेंडिक्स काढायला किती रुपये पडतात, हे शेतकऱ्याला टाके पडेपर्यंत का कळू नये?

सरकारी आरोग्य योजनेचे कार्ड दाखवून आमचे तोंड बंद करता येणार नाही. 2012 मध्ये ही योजना राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत अमरावती होता. आज ती महात्मा फुल्यांच्या नावाने चालते, मर्यादा पाच लाखांवर गेली, पांढरे रेशनकार्डही चालते. चांगलेच झाले! पण ही योजना भरती झाल्यावर जागी होते. त्याआधीची ओपीडीची फी, सोनोग्राफी, महिन्याच्या महिन्याला लागणाऱ्या शुगर-बीपीच्या गोळ्या हे सारे रोख. आणि दवाखाना योजनेच्या यादीतला नसला तर सगळेच रोख.

अंजनगावचा पोरगा छातीत कळ आलेल्या बापाला घेऊन रात्री अकराला अमरावती गाठतो. यादी बघायचे भान त्याला कुठले? काउंटरवर एकच प्रश्न येतो, ‘आता किती भरता?’ तो खिशातल्या नोटा मोजतो, मग मेव्हण्याला फोन लावतो. सकाळी आई गळ्यातली पोत सराफाकडे पाठवते. एकूण बिल किती होणार, हे अजून कोणीच सांगितलेले नसते.

विमा कंपनी घासाघीस करून पॅकेज ठरवते, सरकारही ठरवते. ज्याच्यामागे कोणी नाही, त्याला मात्र तोंडाला येईल तो आकडा! सर्जन तोच, टेबल तेच, आणि सगळ्यात महाग कोणाला, तर उसनवारी करून आलेल्याला. वर पेशंट पाठवणाऱ्या डॉक्टरचा ‘कट’ त्याच्याच बिलातून निघतो. 2017 मध्ये कटविरोधी कायद्याचा मसुदा झाला. तो मसुदाच राहिला.

योजनेची बिले थकतात, मशीनचे हप्ते थांबत नाहीत, ही डॉक्टरांची तक्रार खोटी नाही. पण त्याचा आणि दर लपवण्याचा संबंध काय? मेळघाटात बैरागडला डॉ. रवींद्र कोल्हे यांनी तपासणीची फी दोन रुपये ठेवली. सर्वांनी दोन रुपयेच घ्यावेत, असा आमचा हट्ट नाही. दोन हजार घ्या, पण भिंतीवर लिहून घ्या!

आणि हे आम्ही दयेने मागत नाही. शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा 1949 चा आहे. 2021 च्या सुधारित नियमांनी खाट, अतिदक्षता, व्हेंटिलेटर अशा सेवांचे दर आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले. बिलासाठी प्रेत अडवायलाही मनाई केली. किती दवाखान्यांत हा दरांचा फलक वाचता येतो? जिथे आहे तिथेही तो कुंडीच्या झाडामागे असतो, आणि सनदेची अक्षरे मुंगीएवढी.

शहरात नोंदणी महापालिका करते आणि दर तीन वर्षांनी नूतनीकरणाचा अर्ज तिच्याच टेबलावर येतो. गटार तुंबले की नोटीस काढणाऱ्या अमरावती-अकोल्याच्या दोन्ही महापालिकांच्या आरोग्य विभागांना इथेच का लकवा भरतो? दोन्हीकडच्या आयुक्तांनी उद्याच हुकूम काढावा: माणूस पाठवून फलक पाहिल्याशिवाय नूतनीकरण नाही. फलक नसेल तर अर्ज परत, मग दवाखाना कोणत्याही आमदाराच्या भाच्याचा असो.