कसब्याचा आमदार आणि त्याच्यातला नगरसेवक

1995 पासून पुण्यातल्या कसबा पेठेने निवडून दिलेले चारही आमदार महापालिकेतून वर आले: गिरीश बापट, मुक्ता टिळक, रवींद्र धंगेकर आणि हेमंत रासने. पक्ष वेगळे असतील, वाट एकच.

बापटांची कारकीर्द त्यात सर्वांत लांब. टेल्कोत नोकरी, आणीबाणीत तुरुंगवास, 1983 मध्ये नगरसेवक, मग स्थायी समितीचे अध्यक्षपद. 1995 पासून सलग पाच वेळा विधानसभा. पालकमंत्री झाले, 2019 मध्ये खासदार झाले, तरी पेठांत ते वॉर्डातलेच राहिले. मुक्ता टिळक चार वेळा नगरसेविका आणि 2017 मध्ये महापौर होत्या. आमदार असताना, जून 2022 मध्ये, गंभीर आजारातही त्या रुग्णवाहिकेतून मुंबईला मतदानाला गेल्या.

त्यांच्या निधनानंतर फेब्रुवारी 2023 मध्ये पोटनिवडणूक झाली. ‘हू इज धंगेकर?’ असे भाजपचे नेते चंद्रकांत पाटील प्रचारात विचारून बसले. पेठांना उत्तर पाठ होते. बापटांकडून दोनदा हरलेला हा नगरसेवक सुमारे 11 हजार मतांनी जिंकला. पुढच्याच वर्षी, 2024 मध्ये, स्थायी समितीचे माजी अध्यक्ष रासने यांनी त्यांना हरवले.

फोन उचलणारा, मयताला आणि मांडवात दिसणारा माणूस मतदाराला हवा असतो, यात गैर काही नाही. शिवाय मार्च 2022 पासून जवळपास चार वर्षे महापालिकेत प्रशासकाचेच राज्य होते. तुंबलेल्या गटारासाठी आमदाराकडे नाही तर कोणाकडे जायचे?

पण कसब्याचे सर्वांत जुने दुखणे गटाराचे नाही, वाड्यांचे आहे. 2010 मधल्या केंद्राच्या कायदादुरुस्तीनुसार शनिवारवाड्यासारख्या संरक्षित वास्तूपासून 100 मीटरमध्ये नवे बांधकाम करता येत नाही. परवानगी काढून दुरुस्ती तेवढी करता येते. भिंतींना टेकू लावलेल्या वाड्यांतली कुटुंबे त्यात अडकली आहेत. ही गाठ नगरसेवकाला सुटणारी नाही, ती दिल्लीत आहे. त्या परिघाबाहेरही मालक आणि भाडेकरूंचे वाद आहेतच. ते मात्र राज्याच्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात येतात, म्हणजे थेट विधानसभेच्या कक्षेत. तिथे काय मांडले, हे कसब्याच्या आमदाराला विचारायला हवे. गटाराचे बघायला आता पुन्हा नगरसेवक आले आहेत.